संगणक बाळगायचा नाही आणि त्यावर सॉफ्टवेअरही बसवू द्यायचं: होलेना प्रकरणाचा अभ्यास

अमेरिकेत तुरुंगातून सुटलेल्या होलेना नावाच्या दोषीला कोर्टाने घातलेल्या तीन अटी शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक: संगणक, संपर्काची इलेक्ट्रॉनिक साधनं आणि माहिती साठवणारी साधनं जवळ बाळगायची नाहीत, वापरायचीही नाहीत. दोन: प्रोबेशन अधिकाऱ्याच्या, म्हणजे सुटलेल्या दोषीवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, आगाऊ परवानगीशिवाय इंटरनेटवर जायचं नाही. तीन: आपण वापरत असलेल्या संगणकावर अधिकाऱ्याला देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवू द्यायचं. पहिली अट पाळणाऱ्या माणसाकडे तिसरी पाळायला संगणकच उरत नाही. दुसरी अट परवानगीची वाट दाखवते, पहिली तीच वाट बुजवते. आणि हे सगळं आयुष्यभरासाठी.

अमेरिकेतल्या तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील कोर्टाचा विभाग) अपील कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्ये निकाली काढलेलं ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध होलेना’ हे प्रकरण इथं मुद्दाम घेतलं आहे. यातला गुन्हा गंभीर आहे, त्यात इंटरनेटचा वापर उघड आहे आणि सुटल्यानंतर अटींचा भंगही एकदा नाही, दोनदा झाला आहे. कडक अटी हव्यातच, असं कुणालाही वाटेल असा हा माणूस. त्याच्याच बाबतीत अट लिहिताना काय चुकलं, हे पाहिलं की चूक कुठली आणि दया कुठली याची सरमिसळ होत नाही.

गुन्हा, शिक्षा आणि दोन भंग

होलेना एका चॅटरूममध्ये वारंवार जाऊन १४ वर्षांच्या मुलाशी लैंगिक संबंध ठेवण्यासाठी त्याला फूस लावत होता. भेटीची जागा ठरली. तो ठरलेल्या बागेत पोचला आणि तिथंच पकडला गेला, कारण पलीकडचा ‘मुलगा’ म्हणजे एफबीआयचा अधिकारी होता. अल्पवयीन व्यक्तीला इंटरनेटवरून फूस लावण्याचा प्रयत्न, म्हणजे अमेरिकी संहितेच्या १८व्या शीर्षकातलं कलम २४२२(बी), हा गुन्हा त्याने कबूल केला. या कलमाखाली किमान शिक्षाच १० वर्षांची आहे. त्याला १० वर्षं तुरुंगवास झाला आणि पुढे आयुष्यभर देखरेखीखालील सुटका.

तेव्हाची इंटरनेटची अट आटोपशीर होती: परवानगीशिवाय इंटरनेट नाही, आणि संगणकाची व घराची तपासणी करू द्यायची. तुरुंगातून बाहेर आल्यावर त्याने आधी सोशल मीडियावरची प्रोफाइलं अद्ययावत केली आणि ईमेलना उत्तरं दिली. त्यासाठी तुरुंगात परत गेला. पुन्हा बाहेर आला, परवानगी न घेता फेसबुकवर लॉगइन केलं आणि अधिकाऱ्याशी खोटं बोलला. त्यासाठीही परत आत. या दुसऱ्या सुनावणीत न्यायाधीशांनी जुन्या अटी कायम ठेवून वर नवी अट घातली: संगणक, संपर्कसाधनं, साठवणुकीची साधनं, काहीच नाही.

न्यायाधीशांची चीड समजण्यासारखी आहे. दोनदा सांगून ऐकलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा दार पक्कं लावलं. पण दोन्ही भंगांत त्याने नेमकं काय केलं हे पाहा. नोंदीत कुठल्याही मुलाशी संपर्क नाही, बेकायदा चित्रं नाहीत. भंग खरा, खोटं बोलणंही खरं आणि खोटं बोलणं हे देखरेखीच्या दृष्टीने वाईट लक्षण. त्यावर उपाय काढायचा तर तो खोटं पकडण्याची सोय वाढवणारा हवा होता. इथं उलट झालं. संगणकच नको म्हटल्यावर त्यावर बसणारं सॉफ्टवेअरही गेलं, म्हणजे पकडण्याचं साधनच हातातून गेलं.

कायदा काय मागतो

केंद्रीय गुन्ह्यांत तुरुंगवासानंतर जी देखरेख सुरू होते तिचा आधार त्याच १८व्या शीर्षकातलं कलम ३५८३. मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांत ती किमान ५ वर्षं आणि जास्तीत जास्त आयुष्यभर असते. विशेष अट घालताना न्यायाधीशाला मुख्यतः दोन गाळण्या लावाव्या लागतात. अटीचा गुन्ह्याशी, दोषीच्या पूर्वेतिहासाशी, पुढचे गुन्हे रोखण्याशी, लोकांच्या संरक्षणाशी किंवा उपचार-प्रशिक्षणाशी वाजवी संबंध हवा. आणि त्या हेतूसाठी लागेल त्यापेक्षा जास्त स्वातंत्र्य ती हिरावून घेता कामा नये.

या यादीत ‘गुन्ह्याची परतफेड’ हा हेतू नाही, तो तुरुंगवासात संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एस्टेरास प्रकरणात हेच देखरेख रद्द करण्याच्या टप्प्यालाही लागू केलं: भंग झाला म्हणून परत आत पाठवताना मूळ गुन्ह्याचा सूड हे कारण धरता येत नाही. म्हणून इंटरनेटबंदी घालताना ‘त्याने केलंच तसं’ हे वाक्य पुरत नाही. ‘या बंदीने कुठला धोका कमी होतो’ हे दाखवावं लागतं.

तिसऱ्या सर्किटने हे मोजण्याची पट्टी बऱ्याच वर्षांत घडवली आहे: बंदी किती काळ, किती व्यापक, मूळ गुन्ह्यात इंटरनेटचा वापर कसा झाला आणि तुरुंगवास व बंदी मिळून एकूण भार किती. १९९९ च्या क्रँडन प्रकरणात ३ वर्षांची बंदी टिकली. २००७ च्या व्होल्कर प्रकरणात संगणक आणि इंटरनेटवरची आजन्म बंदी रद्द झाली. २००९ च्या थीलमन प्रकरणात १० वर्षांचं बंधन टिकलं, कारण ते संपूर्ण बंदी नव्हतं. म्हणजे होलेना प्रकरणातली आजन्म, सर्वंकष बंदी लिहिली गेली तेव्हा त्याच सर्किटमध्ये उलट दिशेचे निकाल टेबलावर होते. अनुभवी न्यायालयातही अशी अट निघते, कारण अटी बहुतेकदा तयार नमुन्यांतून उचलल्या जातात. प्रत्येक नमुना स्वतंत्रपणे सुसंगत असतो. दोन नमुने एकत्र आले की भांडतात आणि सुनावणीच्या शेवटच्या दहा मिनिटांत ते भांडण कुणाच्या लक्षात येत नाही.

अपील कोर्टाने काय पाहिलं

न्यायमूर्ती बिबास यांनी लिहिलेल्या निकालात दोष वेगवेगळे काढले आहेत. ते वेगळेच ठेवायला हवेत, कारण त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत.

पहिला दोष विसंगतीचा. वर सांगितलेल्या तीन अटी एकत्र पाळताच येत नाहीत. माणसाला काय करायचं हे कळत नाही आणि अधिकाऱ्याला कशावर बोट ठेवायचं हे कळत नाही.

दुसरा दोष व्याप्तीचा. गुन्हा चॅटरूममध्ये मुलाला गाठण्याचा होता. सोशल मीडिया, चॅटरूम, फाइलची थेट देवाणघेवाण करणारी जाळी, म्हणजे जिथं मुलाशी गाठ पडू शकते अशा जागांवर बंधन घालायला कोर्टाची हरकत नाही. पण नकाशा पाहणं, हवामान पाहणं, बातम्या वाचणं, खरेदी, नोकरी किंवा घर शोधणं? जिथं तो बहुधा कुणा मुलाशी बोलणारच नाही अशा ठिकाणापासून त्याला रोखण्याला नोंदीत आधार नव्हता. साधनांवरची बंदी तर याहून पुढची. इंटरनेट नसलेल्या संगणकावर नोकरीसाठी बायोडेटा टाइप करणं आणि ‘मला घ्यायला येतोस का’ म्हणून मित्राला फोन करणं, हेही अटीचा भंग ठरत होतं.

तिसरा दोष परवानगीचा, आणि प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त तोच भोवतो. ‘अधिकाऱ्याच्या परवानगीने’ असं लिहिलं, पण कशाला परवानगी द्यायची आणि कशाला नाही याचं एकही माप दिलं नाही. मग एका जिल्ह्यात बँकेचं ॲप चालतं, शेजारच्यात नाही. अधिकारी बदलला की नियम बदलतो. न्यायाधीशाने दिशा द्यायची आणि अधिकाऱ्याने तपशील भरायचे, ही कामाची वाटणी आहे. दिशा न देता फक्त ‘तुम्ही पाहा’ म्हणणं म्हणजे न्यायाधीशाचं काम अधिकाऱ्याच्या गळ्यात मारणं.

चौथा धागा घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे अभिव्यक्तीच्या हक्काचा. तो २०१७ च्या पॅकिंगहॅम निकालातून येतो. नॉर्थ कॅरोलायनाने २००८ च्या कायद्याने, नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगाराने मुलांना सदस्य होऊ देणाऱ्या सोशल मीडियावर जाणं हाच गुन्हा ठरवला होता. २०१० मध्ये वाहतुकीचा खटला निकालात निघाल्याच्या आनंदात पॅकिंगहॅम नावाच्या अशाच एका नोंदणीकृत माणसाने फेसबुकवर देवाचे आभार मानले आणि त्या पोस्टवरून दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ८ विरुद्ध ० अशा मताने रद्द केला. सोशल मीडिया म्हणजे आजच्या काळातला सार्वजनिक चौक, असा न्यायमूर्ती केनेडी यांचा विचार त्यात आहे. मात्र तो माणूस शिक्षा भोगून मोकळा झालेला होता, होलेना प्रकरणातला अजून देखरेखीखाली. हा फरक पुढे पुन्हा येईल.

‘संगणक’ या शब्दात काय काय बसतं

अटींमध्ये संगणकाची व्याख्या बहुतेकदा त्याच शीर्षकातल्या कलम १०३०(ई)(१) मधून घेतली जाते. ती व्याख्या संगणकफसवणुकीच्या कायद्यासाठी लिहिली आहे: तर्क, गणित किंवा साठवणुकीचं काम वेगाने करणारं कुठलंही साधन. वगळलं काय, तर स्वयंचलित टंकलेखनयंत्र, अक्षरजुळणीचं यंत्र, हातातला गणकयंत्र आणि तत्सम वस्तू. २०११ मध्ये आठव्या सर्किटने क्रेमर प्रकरणात फक्त बोलण्यासाठी आणि संदेशांसाठी वापरलेला साधा मोटोरोला फोनसुद्धा या व्याख्येत बसवला. व्याख्येच्या शब्दांप्रमाणे तो बसतोच.

आता ही व्याख्या घराला लावा. टीव्ही, गेमचा कन्सोल, गाडीतला पडदा, हातातलं घड्याळ, डोअरबेल, चिप असलेला फ्रिज. ‘संगणक बाळगू नये’ म्हटलं तर हे सगळं बाद. ‘संगणकावर सॉफ्टवेअर बसवू द्यावं’ म्हटलं तर यातल्या निम्म्याअधिक गोष्टींवर ते बसतच नाही. अधिकारी व्यवहारात फ्रिजकडे दुर्लक्ष करतात, हे खरं. पण जी अट शब्दशः पाळणं अशक्य असतं तिचा भंग माणूस रोज करत असतो, आणि कारवाई कधी करायची हे फक्त समोरच्याच्या मर्जीवर उरतं. शिवाय कन्सोलकडेही फ्रिजसारखंच दुर्लक्ष झालं तर? कन्सोलवर मुलं असतात, आवाजी गप्पा असतात, अनोळखी लोकांशी खेळ असतो. सगळंच व्याख्येत ओढलं की धोकादायक वस्तू आणि निरुपद्रवी वस्तू यांतला फरक कागदावर दिसेनासा होतो.

अट जमिनीवर कशी चालते

सुटका झाल्यापासून ७२ तासांत प्रोबेशन कार्यालयात हजर व्हायचं, ही जुनी मानक अट. त्यानंतर देखरेखीच्या कार्यक्रमाचा करार समोर येतो. त्यात सर्व साधनांची यादी, प्रत्येक खात्याचं वापरकर्तानाव, पासवर्ड आणि इंटरनेट जोडणीचा तपशील भरायचा असतो. ऐपत असेल तर सॉफ्टवेअरचा मासिक खर्चही दोषीकडून घेतला जातो.

सॉफ्टवेअर बसवण्याआधी साधनाची तपासणी होते. केंद्रीय नमुना अटीत तपासणीचे तीन हेतू स्पष्ट लिहिले आहेत आणि ते जसेच्या तसे पाळले पाहिजेत: बसवण्यापूर्वी साधनात निषिद्ध काही आहे का, बसवल्यावर सॉफ्टवेअर नीट चालतंय का आणि त्याला चुकवण्याचा प्रयत्न झालाय का. त्याच नमुन्यात आणखी एक ओळ असते जी घाईत विसरली जाते. तोच संगणक वापरणाऱ्या इतरांना, म्हणजे बायकोला, भावाला, घरमालकिणीला, ‘याची तपासणी होऊ शकते’ हे दोषीने आधी सांगायचं. हे सांगितलं नसेल तर घरातल्या दुसऱ्याच माणसाची खासगी चित्रं अधिकाऱ्याच्या पडद्यावर येतात आणि तक्रार सुरू होते. उपाय सोपा आहे: दोषीसाठी वेगळं साधन ठेवायचं, घरच्यांच्या साधनांना वेगळे पासवर्ड लावायचे आणि दोन्ही बाबी करारात लिहून त्यांची सही घ्यायची.

सॉफ्टवेअर साधारणपणे पडद्याची चित्रं, टाइप केलेली अक्षरं, उघडलेली पानं आणि ठरवलेल्या शब्दांवरचे इशारे अधिकाऱ्याकडे पाठवतं. ऐकायला हे भक्कम वाटतं. आता हिशेब मांडू. मिनिटाला एक चित्र आणि रोज तीन तासांचा वापर धरला, तर दिवसाला १८० आणि ३० दिवसांच्या महिन्यात ५,४०० चित्रं होतात. एका अधिकाऱ्याकडे अशी ४० माणसं धरली तर महिन्याला २,१६,००० चित्रं. ती सगळी कुणी पाहू शकत नाही, म्हणून इशाऱ्यांवर भिस्त राहते. इशारे शब्दांवर चालतात. शाळेच्या निवडणुकीची बातमी, भाचीच्या वाढदिवसाचा निरोप आणि उपचारगटाचा गृहपाठ, तिन्हींवर लाल खूण येते. उलट सांकेतिक शब्दांत चाललेली गप्पा खूण न उमटवता निघून जाते. म्हणून इशाऱ्यांची यादी प्रत्येक माणसाच्या गुन्ह्याप्रमाणे बदलावी लागते. चॅटरूममध्ये फूस लावणाऱ्यासाठी कुठल्या ॲपवर किती वेळ गेला आणि नव्या संपर्कांची संख्या किती, हे कळीचं. चित्रं साठवणाऱ्यासाठी फाइलींची हालचाल कळीची. एकच ठोकळेबाज यादी दोघांना लावली की दोघांचंही काही कळत नाही.

फोनची गोष्ट वेगळी आणि अवघड. संगणकावर सॉफ्टवेअरला जितकं खोल जाता येतं तितकं फोनवर जाता येत नाही, कारण फोनची प्रणालीच एका ॲपला दुसऱ्यात डोकावू देत नाही. प्रणालीचं अपडेट आलं की देखरेख गप्प होते आणि कधी कधी ते आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून परवानगी देताना मॉडेल आणि आवृत्ती लिहून घेणं, अपडेटनंतर किती तासांत कळवायचं ते ठरवणं, आणि सॉफ्टवेअरकडून ‘मी चालू आहे’ असा रोजचा संदेश येतो की नाही ते पाहणं, ही तीन कामं चुकवून चालत नाही. संदेश थांबला तर त्याच दिवशी फोन करून विचारायचं. यात दोषीचंही हित आहे. सॉफ्टवेअर आपोआप बंद पडलं की त्याने पाडलं, हा वाद महिन्याभराने सोडवणं जवळपास अशक्य असतं.

घरभेटीत पडद्यापेक्षा आजूबाजूला जास्त सापडतं. समजा जाहीर साधनं चार आहेत आणि राउटरला जोडलेल्यांची यादी काढली तर सहा नावं दिसतात. एक टीव्ही निघतो, दुसऱ्याचं उत्तर लगेच येत नाही. पलंगाजवळ चार्जर आहे, पण त्याला बसणारा फोन जाहीर यादीत नाही. कपाटात फोनचा रिकामा डबा आहे. अशा वेळी आरोप करण्याआधी डब्यावरचा अनुक्रमांक टिपायचा, राउटरच्या यादीचा फोटो वेळेसकट घ्यायचा आणि मगच विचारायचं. उत्तर ‘पुतण्या आला होता’ असं असेल तर ते तपासता येतं. हे काम कष्टाचं आहे, पण लपवलेला दुसरा फोन याच कामातून बाहेर येतो. देखरेखीचं सॉफ्टवेअर ज्या फोनवर बसलेलंच नाही, त्याबद्दल ते काहीच सांगू शकत नाही.

आणि संपूर्ण बंदीत नेमकं हेच बिघडतं. अनेक वर्षं चालत आलेल्या मानक अटींत आठवड्याला किमान ३० तास काम करण्याची अट आहे. अर्ज ऑनलाइन, मुलाखतीचं बोलावणं ईमेलवर, कामाच्या पाळ्या ॲपवर. संगणक आणि फोन दोन्ही बंद असलेल्या माणसाला एक अट पाळायला दुसरी मोडावी लागते. तो मोडतो. वाचनालयात, मित्राच्या फोनवर, उधार घेतलेल्या टॅबलेटवर. तिथं देखरेख नाही, इशारा नाही, नोंद नाही. घरात सॉफ्टवेअर बसवलेला एक फोन असता तर यातलं बरंचसं अधिकाऱ्याला दिसलं असतं. ज्या मुलांच्या संरक्षणासाठी ही अट घातली त्यांच्या बाजूने पाहिलं तर दिसणारा वापर हा न दिसणाऱ्या वापरापेक्षा कितीतरी सुरक्षित.

अट पुन्हा लिहायची तर

होलेना प्रकरणात अपील कोर्टाने अटी रद्द करून प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं. अशा वेळी सरकारी वकील आणि बचावपक्ष दोघांनीही मसुदा घेऊन जावं, न्यायाधीशाने शून्यातून लिहावं अशी अपेक्षा धरू नये. या प्रकारच्या गुन्ह्यासाठी आमच्या मते चालेल असा मसुदा असा:

‘दोषी व्यक्ती प्रोबेशन कार्यालयाकडे नोंदवलेला एक फोन आणि एक संगणक वापरू शकेल. दोन्हींवर देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवू देईल. इंटरनेटशी जोडलेला गेमचा कन्सोल किंवा अनोळखी व्यक्तींशी गप्पा मारता येणारं अन्य साधन आगाऊ लेखी परवानगीशिवाय बाळगणार नाही. घरगुती उपकरणं, वाहन आणि संदेश पाठवू न शकणारी साधनं या अटीत येत नाहीत. चॅटरूम, डेटिंगची ॲप्स, फाइलची थेट देवाणघेवाण आणि अल्पवयीन सदस्य असलेलं सोशल मीडिया वापरणार नाही. विशिष्ट सोशल मीडिया खात्यासाठी परवानगी मागता येईल आणि ती देताना अधिकारी मुलांशी संपर्काची शक्यता व खात्यावर देखरेख करण्याची सोय या दोन गोष्टी पाहील. बँक, नोकरी, घर, आरोग्य, बातम्या, नकाशे, खरेदी, सरकारी कामं आणि न्यायालयीन कामं यांना वेगळी परवानगी लागणार नाही. हिस्टरी पुसणार नाही, नवं खातं उघडल्यास ४८ तासांत कळवेल.’

यातली प्रत्येक ओळ एका आधीच्या भांडणावर उत्तर आहे. साधनांची संख्या दिली, म्हणून राउटरची यादी मोजता येते. घरगुती उपकरणं वगळली, म्हणून व्याख्येचा गोंधळ मिटतो आणि कन्सोल मात्र नावानिशी आत राहतो. परवानगीचं माप दिलं, म्हणून अधिकारी बदलला तरी उत्तर फारसं बदलत नाही. हिस्टरी पुसणं स्वतंत्रपणे निषिद्ध केलं, कारण पुसलेल्या साधनावर काय होतं हे नंतर सिद्ध करता येत नाही, पण पुसलं हे सिद्ध करता येतं.

आम्ही फक्त परवानगी असलेल्या संकेतस्थळांची यादी करण्याच्या पद्धतीपेक्षा ही वर्गवार पद्धत पसंत करतो. यादी पहिल्या दिवशी नेटकी दिसते. पण एका बँकेच्या पानावर लॉगइन करताना मागे चार-पाच वेगळे पत्ते उघडतात आणि त्यातला एक यादीत नसला की पानच चालत नाही. आठवड्याला वीस विनंत्या येऊ लागतात, अधिकारी कंटाळून सरसकट होकार देतो किंवा सरसकट नकार. फिल्टरची अडचण उलटी: ती ज्ञात वाईट पानं अडवते, पण निरुपद्रवी पानावरच्या गप्पांच्या खिडकीकडे तिचं लक्ष नसतं. फिल्टर हवीच, पण देखरेखीच्या जोडीला, तिच्या जागी नाही.

भंग झाला तर

भंगाच्या सुनावणीत ज्युरी नसते आणि ‘वाजवी शंकेपलीकडे’ हे मापही नसतं. शक्यता अधिक कुठल्या बाजूला, एवढंच न्यायाधीश पाहतो. २०१९ च्या हेमंड निकालात सर्वोच्च न्यायालयाने, काही नवे लैंगिक गुन्हे अशा हलक्या मापाने ठरवून किमान ५ वर्षं आत पाठवणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली. पण नेहमीची भंगसुनावणी अजून याच मापावर चालते. म्हणूनच अटीचे शब्द इतके महत्त्वाचे आहेत. पुराव्याचं माप हलकं आणि अटही धूसर असेल, तर माणूस नेमका कशासाठी परत आत गेला हे निकालपत्र वाचूनही सांगता येत नाही. आणि पुढची अट लिहिणारा पुन्हा अंधारातच लिहितो.

इतर सर्किटांत काय

सगळीकडे हाच निकाल लागला असता असं नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या सर्किटने इग्लिन प्रकरणात इंटरनेटबंदी रद्द केली. पण २०२० मध्ये अकराव्या सर्किटने बोबल प्रकरणात, कामासाठी आगाऊ परवानगी सोडून, संगणकवापरावरचं आजन्म बंधन कायम ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की पॅकिंगहॅममधला माणूस शिक्षा पुरी केलेला होता आणि देखरेख ही शिक्षेचाच भाग आहे, त्यामुळे तो निकाल इथं लागत नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण त्याने फक्त घटनात्मक प्रश्न सुटतो. अटी एकमेकींना छेदत असतील, व्याख्येत फ्रिज येत असेल आणि परवानगीला माप नसेल, तर अकराव्या सर्किटमधल्या अधिकाऱ्यालाही सोमवारी सकाळी तीच अडचण येते.

आजन्म अट बदलून घ्यायची असल्यास

अट बदलण्याची सोय कलम ३५८३(ई)(२) मध्ये आहे आणि ती देखरेख संपेपर्यंत कधीही वापरता येते. बचावपक्ष बहुतेकदा तत्त्वावर भांडतो आणि हरतो. जिंकणारा अर्ज रुक्ष असतो. त्यात मागच्या बारा महिन्यांच्या देखरेखीचे अहवाल जोडलेले असतात, उपचारकर्त्याचं पत्र असतं, जाहीर साधनांची आजची यादी अनुक्रमांकांसह असते, आणि सध्याच्या अटीमुळे हुकलेली कामं तारखांसकट असतात: अमुक दिवशी नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरता आला नाही, अमुक दिवशी डॉक्टरांची व्हिडिओ भेट चुकली. सोबत नव्या अटीचा पूर्ण मसुदा आणि तो सुनावणीच्या आधी प्रोबेशन अधिकाऱ्याला दाखवल्याची नोंद. अधिकाऱ्याने ‘हे मला तपासता येईल’ असं लिहून दिलं असेल, तर न्यायाधीश सगळ्यात आधी तेच पान उघडतात.